एकतिसावी बाटली

चौदाव्या बाटलीपाशी माझा हात थांबला. बाटलीत विशेष काही नव्हतं. वीस मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरलेली, झाकण नीट लावलेलं, लेबलवर रेश्माचं गोल अक्षर. पण तोपर्यंत वहीत जे आकडे उतरले होते ते नको इतक्या शहाण्यासारखे एकाखाली एक उभे होते. लघवी किती दाट आहे ते मोजायचं एक हातात धरायचं छोटं यंत्र असतं. एक थेंब काचेवर टाकायचा, डोळ्याला लावायचं, आकडा वाचायचा. आम्ही शेवटचे दोन आकडेच बोलतो. सव्वीस, सव्वीस, पंचवीस, पंचवीस, चोवीस, तेवीस. चौदाव्या बाटलीला सोळा आला आणि मी यंत्र खाली ठेवलं. मग उरलेल्या सतरा बाटल्या न थांबता मोजल्या. शेवटचीला तीन. तीन म्हणजे जवळपास पाणीच. एकतीस बायका, वयं सोळा ते साठ, एकीचीही लघवी आपल्या आधीच्या बाईपेक्षा दाट नाही. माणसं अशी नसतात. अकरा वर्षांत मी साठ हजारांच्या वर नमुने पाहिले असतील, आणि त्यांच्यात काही ठाम असेल तर ते एवढंच, की शेजारच्या दोन बाटल्यांचं कधी पटत नाही. इथे एकतीस जणी एका ओळीत उतरत होत्या. मी आलेखाच्या कागदावर बिंदू मांडून ते पेन्सिलीनं जोडले. मला तो आलेख ओळखीचा वाटला. भरपूर पाणी प्यायलेल्या एका माणसाच्या मूत्रपिंडांचा सकाळपासून दुपारपर्यंतचा आलेख असाच दिसतो. एका माणसाच्या.

हे सगळं चेतनसरांच्या प्रकल्पासाठी चाललं होतं. सर आमच्या महाविद्यालयात माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं तीन पायऱ्या वर आहेत. परदेशात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले तेव्हापासून ते 'अल्पसाधन क्षेत्र' हा शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे एखाद्या थंड हवेच्या ठिकाणाचं नाव आहे. हत्तीरोगाचे जंतू माणसाच्या रक्तात रात्री उतरतात, म्हणून रक्त रात्रीच घ्यावं लागतं, आणि रात्री कोणी दार उघडत नाही. त्याऐवजी लघवीवर चालणारी कागदाची पट्टी. दिवसा उजेडी, सुई नाही, वीज नाही, वीस मिनिटांत दोन रेघा आल्या तर रोग, एक आली तर नाही. कल्पना चांगली आहे. मी पट्ट्यांना कधीच नावं ठेवली नाहीत. पट्टी खोटं बोलत नाही, तिला जे पाजाल फक्त त्याबद्दल ती बोलते. पुणतांब्याच्या बाहेर गोदावरीच्या काठाला वीटभट्ट्या आहेत, तिथे नांदेडकडची माणसं दिवाळीनंतर येतात आणि मे महिन्यात परत जातात, आणि तिकडे हा रोग आहे. सरांनी भट्टी निवडली. प्रकल्पावर नेमलेल्या दोघांपैकी अंगदनं पुरुषांच्या बाटल्या गोळा केल्या, रेश्मानं बायकांच्या. सर स्वतः अकरा वाजता गाडीतून उतरले, विटांच्या रांगेसमोर पट्टी हातात धरून फोटो काढून घेतला आणि साडेअकराला मलाही घेऊन शिर्डीला जेवायला गेले. एका सुरकुतलेल्या हातात ती पट्टी देऊन आणखी एक फोटो घ्यायचा राहिला, याची हळहळ ते परतीच्या वाटेवर केडगावपर्यंत करत होते. मी पुढच्या सीटवर बाटल्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं, या डब्यात या गाडीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती आहे.

पट्ट्यांचं असं झालं होतं की पहिल्या अकरा बाटल्यांवर दोन रेघा होत्या. पहिलीवर ठसठशीत, पाचवीवर बरी, अकरावीवर अशी की उजेडाकडे तिरपी धरावी लागली. बारावीपासून पुढे दुसरी रेघ नाही. सरांच्या संगणकात नावं वयोगटानं लागतात, त्यामुळे त्यांना हे अकरा पॉझिटिव्ह पानभर विखुरलेले, विश्वासार्ह दिसत होते. एकतिसात अकरा. ते दोनदा म्हणाले, "पस्तीस टक्के, प्रज्ञा मॅडम." माझ्या वहीत बाटल्या ज्या क्रमानं भरल्या गेल्या त्या क्रमानं उभ्या होत्या. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा काढून पाहिला. मग मला समजावलं, की सकाळची लघवी दाट असते आणि नंतर पातळ होत जाते, ज्यांच्या बाटल्या आधी घेतल्या त्यांची दाट येणारच. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. मूर्ख माणसाला समजावताना त्यांचा आवाज नेहमी मऊ होतो. मी म्हणाले की मग अकराच्या अकरा पहिल्याच कशा. ते म्हणाले, पहिल्या झोपड्यांत रोग जास्त असेल, घरं लागून आहेत, यावर तर वेगळा लेख होईल. त्या अकरा जणींचं रात्रीचं रक्त घेऊ, आलं तर आलं, नाही आलं तर रक्तापेक्षा आपली पट्टी तीक्ष्ण आहे हे सिद्ध होईल. दोन्हीकडून ते जिंकणार होते. निगेटिव्ह वीस जणींकडे परत जायचं कारण नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ही दाटपणाची मोजणी करायला मला कोणी सांगितलं होतं. कोणीच नाही. ती माझी सवय आहे. त्यांनी सवयीचा तो रकाना काढून टाकायला सांगितला आणि सोमवारी तक्त्यावर माझी सही लागेल असं म्हणाले. माझा करार दरवर्षी जूनमध्ये त्यांच्या शिफारशीनं पुढे सरकतो, हे त्यांना म्हणावं लागलं नाही. एप्रिल संपत आला होता.

रेश्माला मी शनिवारी दुपारी फोन केला. पहिल्यांदा ती मला ऊन किती आहे ते सांगत राहिली. मग मी तिला आकडे वाचून दाखवले, सव्वीसपासून तीनपर्यंत. रेश्मा राहात्याची, चोवीस वर्षांची, तिचे आईवडील अजून शेतावर राबतात आणि ती या कामाला ऑफिसचं काम म्हणते. मला तिचा तिटकारा करावा असं फार वाटत होतं आणि त्यासाठी तिनं थोडा वेळ तरी खोटं बोलायला हवं होतं.

"मॅडम, बाया बसायलाच तयार न्हवत्या," ती म्हणाली. "आडोसा कुठं हाय तिथं? सरांनी हिरवी जाळी दिल्ती, ती मुनशीच्या खोलीम्होरं बांधली. आरपार दिसतं तिच्यातून. आन दहा वाजता त्यान्ला लागत बी न्हाई, त्या पानीच पीत न्हाईत दिवसाचं."

मग एक बाई पुढे आली. द्या हिकडं, म्हणाली, मला तर सारखीच लागती. बाकीच्या हसल्या. तिनं पहिली भरली, दुसरी भरली. अंगद बाहेरून घाई करत होता. मग बायका तिला तांब्या तांब्या पाणी आणून देऊ लागल्या, आणि ती जात होती आणि येत होती, आणि रेश्मा लेबलं लावत होती. दुपारपर्यंत काम झालं. मी विचारलं, त्या बाईचं नाव काय.

"दगडाबाई. तिची बाटली शेवटी भरली बगा. मी म्हनलं, मावशी, आदी तुमची भरा. तर म्हनली, आदी समद्यांचं होऊ दे."

एकतीस नंबर. दगडाबाई, वय पंचेचाळीस, दाटपणा तीन, पट्टीवर एक रेघ. रोग नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी उभी होते. जंतू असतील तर या एकाच बाईच्या अंगात असल्याचा पुरावा माझ्याकडे होता, अकरा वेळा. उरलेल्या तीस जणींबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. आणि तक्त्यात जिला औषधाची गरज नाही असं छापलं जाणार होतं, ती हीच होती. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेलं घेऊन बसतात तशी तिनं स्वतःची बाटली भरली होती. मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. मोठेपणा दाखवायला जगात हिला हीच एक गोष्ट मिळाली. आणि त्या तीस जणी, पाणी आणून देणाऱ्या. आणि रेश्मा, जिला तोंड उघडून सरांना सांगता आलं नाही की जाळी आरपार दिसते. आणि सर, ज्यांनी जगातली सगळ्यात सोपी तपासणी निवडली आणि ती करायला माणसाला कुठेतरी बसावं लागतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी प्रत्येकाला मनातल्या मनात त्याच्या त्याच्या जागी ठेवलं. हे मला चांगलं जमतं. आई म्हणायची, पोरगी बोलत नाही पण नजरेनं माणूस उसवते.

आईचं नाव निघालं की मला ती बायकांची मुतारी आठवते, आणि शनिवारीही ती आठवलीच. मला ती आठवण नको असते. पहिल्या नोकरीची वैद्यकीय तपासणी होती. त्याआधी तीन महिने पारनेरला मी तापानं पडले होते, सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, आणि तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बुडवून म्हटलं होतं की प्रथिनं जातायत, दोन प्लस, मोठी तपासणी करून घ्या. आई म्हणाली, नोकरी लागू दे, मग करू. तपासणीच्या दिवशी ती सृष्टीला बरोबर घेऊन आली. सृष्टी माझी धाकटी बहीण, तेव्हा सोळा वर्षांची, कधी शिंकसुद्धा न आलेली. आईनं दाराशी उभं राहून पाठ फिरवली, मी माझी बाटली बहिणीच्या हातात दिली, आणि ती आतून भरून घेऊन आली. बाटली कोमट होती. मी ती दोन्ही हातांनी धरून खिडकीपर्यंत नेली आणि तिथल्या माणसानं वर न बघता तिच्यावर माझा नंबर टाकला. परत येताना एसटीत सृष्टी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, नोकरी तुला लागली का माझ्या लघवीला?" आई खिडकीबाहेर बघत हसली. मी हसले नाही. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला सृष्टी एकदा तरी म्हणते, निम्मा पगार माझा आहे बरं का. तिची मुलं विचारतात, का गं मावशी, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. मोठी तपासणी झाली नाही. पगार सुरू झाल्यावर आईनं एकदा विचारलं, मी म्हणाले, आता काही त्रास नाही. साठ हजार नमुने. प्रथिनांच्या पट्टीचे रंग मला झोपेतही सांगता येतील, फिकट पिवळा, पोपटी, हिरवा, निळसर हिरवा. हाताशी रोज शंभर पट्ट्यांचा डबा असतो. मी एकदाही स्वतःची बुडवली नाही. त्याला मी कधी भीती म्हटलं नाही. मी म्हणायचे, वेळ मिळाला नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता केडगावच्या घरून निघाले. पिशवीत चार रिकाम्या बाटल्या, दाटपणा मोजायचं यंत्र, सरांच्या पट्ट्यांपैकी दोन, प्रथिनांच्या पट्ट्यांचा डबा, जो मी का घेतला ते मला सांगता आलं नसतं, आणि सहीसाठी दिलेला तक्ता. राहात्यापर्यंत बस, पुढे जीपमध्ये सातजणांच्या सीटवर अकरा. भट्टीवर पोचेपर्यंत साडेदहा झाले होते. ऊन विटांवरून परत वर येत होतं. भट्टीचा हिशेब ठेवणाऱ्या मुनशीनं विचारलं, काय काम. मी म्हणाले, लघवी न्यायला आले आहे. तो दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. हिरवी जाळी तशीच बांधलेली होती. तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत टाकला होता.

दगडाबाई झोपडीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. काळी, उंच, पुढचे दोन दात नसलेली. उजव्या पायात चांदीची तोरडी होती, डाव्यात नव्हती, आणि डाव्या घोट्याचं हाड दिसत नव्हतं. तोरडी बसंना म्हणून काढून ठेवल्याचं तिनं नंतर सांगितलं, पायाला वारं लागलंय म्हणाली. मी पिशवीतून बाटली काढली तशी ती हसायला लागली.

"आज कोनाच्या नावाची?"

"तुमच्या," मी म्हणाले.

मी तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. बायकांनी केलेलं कळलं आहे, कोणाला रागवायला आले नाही, पण तिच्या अंगात रोग असावा आणि कागदावर नाही असं लिहिलं गेलं आहे. ती ऐकत होती. तिला त्यातली एकच गोष्ट लागली. म्हणाली, म्हंजी त्या अकरा जनीला रोग न्हाई न्हवं? मी म्हणाले, त्यांचं अजून काहीच माहीत नाही. तिनं मान हलवली. मी तिला सांगितलं की आता दोन तास पाणी प्यायचं नाही, म्हणजे दाट येईल.

"त्या दिशी पी पी म्हनत हुते, आज पिऊ नको म्हंतीस," ती म्हणाली. "तुमचं एक काय ते ठरवा बाई."

आम्ही दोन तास बसलो. तिला माझ्याशी बोलायचं होतं आणि मला कोणाशीच नाही. चौथ्या बाळंतपणापासून लघवी धरवत नाही, हे तिनं मला विटांचा भाव सांगावा तसं सांगितलं. बाकीच्या बाया दिवसभर धरतात. पहाटे अंधारात सगळ्या मिळून नदीकडे जातात, मग रात्रीपर्यंत काही नाही, म्हणून पाणी बेतानं पितात. मग तिनं मला विचारलं, कामून दहा वाजता बाटल्या वाटल्या. उत्तर असं होतं की सर सव्वाआठला निघतात आणि अकराला पोचतात.

"पहाटं द्यायच्या व्हत्या की," ती म्हणाली. "आमी जातोच. ज्याची त्याची भरून आनली असती. दहा वाजता कोन मुततं?"

सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, बत्तीस पानांचा प्रस्ताव, तीन बैठका. मी दोन बैठकांना होते. कोपऱ्यात बसून सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या जागी ठेवत होते. मीही विचारलं नव्हतं. रोज सकाळी घरातून निघताना शेवटचं पाणी किती वाजता प्यायचं याचा हिशेब करणारी मी, ज्या एसटी स्टँडच्या मुतारीत मी कधी जात नाही त्या स्टँडवर रोज उतरणारी मी. इतकं साधं मला ठाऊक होतं आणि ते ज्ञानात धरलं जात नाही असं मी गृहीत धरलं होतं. मला सरांचा चेहरा आठवला, मऊ आवाज. आम्हा दोघांत मला वाटत होतं तितकं अंतर नव्हतं.

साडेबाराला ती उठली, विटांच्या मोठ्या थप्पीमागे गेली आणि बाटली घेऊन आली. गडद पिवळी, उन्हात गढूळ. यंत्रावर एकवीस. पट्टी मी झोपडीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. सातव्या मिनिटालाच दुसरी रेघ उमटायला लागली. विसाव्या मिनिटाला ती बाभळीच्या काट्यासारखी स्पष्ट होती. मी तिला सांगितलं की उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जायचं, रक्त कधी घ्यायचं ते तिथले सांगतील, गोळ्या फुकट मिळतात, बारा दिवस चुकवायच्या नाहीत, भट्टी सोडून गावाला गेली तरी. तिनं विचारलं, केंद्रात मला कोन वळखतं. मी म्हणाले, मी येते. हे मी ठरवलं नव्हतं. रेश्माला फोन करून सांगितलं की आज तुझ्याकडे मुक्काम आहे आणि पहाटे तीस बाटल्या लागतील. ती लगेच हो म्हणाली. मग मी तक्ता मांडीवर घेतला. एक ते एकतीस, सगळ्या ओळींवरून एक तिरपी रेघ ओढली, बाजूला लिहिलं, सर्व नमुने एकाच व्यक्तीचे, आणि खाली तारीख घालून सही केली. सही सरांना हवीच होती.

"तुमाला लागली न्हवं," दगडाबाई म्हणाली.

मी म्हणाले, नाही. सकाळी सहापासून मी गेले नव्हते. ती माझ्या गुडघ्यांकडे बघत होती, मी ते एकमेकांवर घट्ट धरले होते.

"मी वळखते. बसायची रीतच सांगती." तिनं दोरीवरचं एक जुनं लुगडं ओढून घेतलं. "चला. मी हुबी ऱ्हाते. कोन येत न्हाई."

थप्पीमागे माती ओली होती, तिच्या येण्याजाण्यानं तयार झालेली पायवाट होती. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून लुगडं धरलं. आईनंही अशीच पाठ फिरवली होती. मी पिशवी बरोबर आणली होती. चपलेचा पट्टा सोडला तेव्हा पायावर त्याची खोल खूण उमटलेली दिसली. ती रोज संध्याकाळी असते. मी रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी चपला काढते, म्हणजे ती दिसत नाही. पिशवीतून दुसरी बाटली काढली. साठ हजारांत एकदाही न घडलेली गोष्ट झाली, थोडी बोटांवर सांडली. कोमट होती. मला एकदम सृष्टीची आठवण आली, आतून बाहेर येताना हसत होती ती.

बाहेर आले तेव्हा दगडाबाई लुगड्याची घडी घालत होती. तिनं माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. वरचा फेस अजून बसला नव्हता. डब्यातून मी एक पट्टी काढली, बाटलीत बुडवली आणि आडवी धरली. साठ सेकंद लागतात.

"आन ही कोनाच्या नावाची?"

"माझ्या," मी म्हणाले, आणि बाटलीवर माझं नाव लिहायला तिनं विटांवर मला जागा करून दिली.